कोरा नमुना

पूर्वी सर्दी हवेतून यायची. हवा बदलली की होतं असं, म्हणत माणसं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायची आणि विषय संपायचा. वंशवेल आली आणि सर्दी माणसाकडून येऊ लागली.

वंशवेल हे जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. नाकातल्या ओलाव्याचा एक थेंब दिला की ते त्यातल्या विषाणूचं अक्षर न् अक्षर वाचायचं. दहा माणसांचे थेंब दिले, तर कुणाचा विषाणू कुणाच्या विषाणूपासून निपजला याची फांद्याफांद्यांची वेल कागदावर काढून द्यायचं. पहिल्याच वर्षी त्यापायी दोन साखरपुडे मोडले आणि एका सोसायटीत मारामारी झाली. मग सरकारनं नियम केला, की कागदावर नावं छापायची नाहीत, फक्त रंग छापायचे. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा रंग तेवढा फोनवर कळवायचा. ज्याच्यात विषाणू सापडला नाही, त्याला कळवायचं, 'कोरा'.

मिरजेत हे यंत्र ऑगस्टमध्ये आलं, आणि तिसऱ्या आठवड्यात मुक्ता आवळेच्या घरचा कागद आला.

मुक्ता अकरा वर्षांची. जन्मापासून तिच्या फुप्फुसांत गोंदासारखा कफ साठायचा. नवव्या वर्षी ती फुप्फुसं काढून डॉक्टरांनी तिला एका अनोळखी मुलाची फुप्फुसं बसवली. पण आपल्या शरीराला परकं काही चालत नाही. त्याचे पहारेकरी नव्या फुप्फुसांवरही धावून जातात. म्हणून त्यांना सकाळी आठ आणि रात्री आठ अशा गोळ्या देऊन आयुष्यभर पेंगत ठेवावं लागतं. पहारेकरी पेंगले की नवी फुप्फुसं सुखानं नांदतात. अडचण एवढीच, की मग चोरही सुखानं आत येतात. ज्या विषाणूमुळे शाळेतल्या पोराचं दोन दिवस नाक वाहतं, तोच अशा फुप्फुसांत उतरला, तर पेंगणारे पहारेकरी दचकून उठतात आणि चोराबरोबर घरालाच झोडपत सुटतात. बारीक श्वासनळ्या आतून वण धरून बुजतात. बुजलेली नळी पुन्हा उघडत नाही.

मुक्ता रोज सकाळी एका छोट्या यंत्रात जोरात फुंकायची. घरात त्याला सगळे 'फुंकणी' म्हणायचे. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, ते फुंकणी सांगायची. जानेवारीत आकडा होता सोळाशे वीस मिलिलिटर. मार्चमध्ये विषाणू सापडला आणि आकडा चौदाशेवर आला. एप्रिलमध्ये औषधाची वाफ दिली, विषाणू मेला, आकडा थांबला. जुलैत पुन्हा तोच विषाणू आणि आकडा अकराशे ऐंशी.

"हजाराच्या खाली गेलं, तर ही फुप्फुसंही गेली असं समजायचं," डॉक्टर मुजावर बाईंनी मुक्ताच्या आईला, रेखाला, सांगितलं होतं. "नवं औषध माझ्याकडे आहे, पण दार उघडं ठेवून ते देण्यात अर्थ नाही. आधी हा येतोय कुठून ते कळू दे."

कुठून येतोय, हे हर्डीकर सरांना मार्चमध्येच कळलं होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

सर सहासष्ट वर्षांचे. चौतीस वर्षं त्यांनी पोरांना विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले, आणि त्यांची फुप्फुसं वाळक्या भोपळ्यासारखी कडक होत गेली. पाच वर्षांपूर्वी त्यांनाही नवी फुप्फुसं बसली. तपासणीच्या रांगेत त्यांना मुक्ता भेटली आणि तिला शाळेत जाता येत नाही हे कळलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच ते आठ ते तिला शिकवायला यायचे. आठ वाजता दोघं समोरासमोर बसून आपापली गोळी घ्यायची आणि मग सर घरी जायचे.

घराच्या दारावर सरांच्या अक्षरातली यादी होती. बाहेरून आल्यावर आंघोळ, कपडे बदलणं, मास्क. कोशिंबीर बंद, पाहुणे बंद. ही यादी सगळ्यांना लागू होती, सर आणि मुक्ता सोडून.

"आपण दोघं एका पथ्याची माणसं," सर म्हणायचे. "आपल्यात मास्क कशाला? अख्ख्या मिरजेत आपल्याइतकं जपणारं दुसरं कोण आहे?"

मुक्ताला ते फार आवडायचं. तिच्या जगात पूर्ण चेहरा दिसणारा तेवढा एकच माणूस होता.

आणि तिचे वडील होते ब्रास बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारे. मार्चमध्ये आकडा घसरला तेव्हा सरांनी त्यांना गॅलरीत बोलावून घेतलं.

"सर्जेराव, लग्नसराई सुरू आहे. तुम्ही रोज पाचशे माणसांत असता."

"मास्क लावतो की सर."

"मास्क लावून ट्रंपेट वाजवता?"

सर्जेरावांनी ओठांवरून बोट फिरवलं.

"बाहेर राहा थोडे दिवस. तिच्यासाठी म्हणतोय मी."

"व्हय सर," सर्जेराव म्हणाले. "तुम्ही म्हणताय म्हंजे बराबरच असणार."

दहा एप्रिलला ते बँडची वाद्यं ठेवायच्या खोलीत राहायला गेले. महिन्याची तपासणी तेवढी ते इस्पितळात जाऊन परस्पर देत. मे महिन्यात त्यांची आई, तानूबाई, मुक्ताच्या शेजारच्या खोलीत चार दिवसांच्या तापानं गेली. तेव्हाही ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. मयताला खांदा दिला तो रस्त्यावरून.

*

कागद आला त्या दिवशी रेखानं तो सरांपुढे ठेवला. "मला काय ह्यातलं कळत नाही. तुम्हीच सांगा पोरीला. बाबांचा रंग मीच काढणार म्हणून हटून बसलीय."

"वेलीच्या मुळाशी लाल आहे. तो बाबांचा नाही," मुक्ता म्हणाली. "पैज."

सरांना वाटत होतं की लाल सर्जेरावांचाच निघणार. पण यात दोष कुणाचा नसतो, हेही आजच शिकवून टाकावं, असं त्यांच्या मनात होतं. त्यांचा स्वतःचा निरोप सकाळीच फोनवर आला होता. तो उघडण्यासारखं काही असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांना ना खोकला होता, ना ताप. इस्पितळानं पाच जणांचे नमुने दर महिन्याला घेऊन गोठवून ठेवले होते: मुक्ता, रेखा, सर्जेराव, तानूबाई आणि सर. कागदावर रंग चार. पाचवा, कोरा, सरांचा. एवढं उघड होतं.

त्यांनी वहीच्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर एका नमुन्याचा रंग आणि त्यातल्या चुकांचे नंबर लिहिले आणि पलंगावर मुक्ताच्या मांडीशी मांडल्या.

"माझ्या वर्गात एकदा चार जणांनी कॉपी केली," ते म्हणाले. "प्रश्न होता, हृदयाला किती कप्पे? पहिल्यानं घाईत लिहिलं, चार कप. दुसऱ्यानं त्याचं बघून लिहिलं, चार कप. तिसऱ्यानं लिहिलं, चार कप चहा."

मुक्ता हसली आणि तिला खोकला आला. सर तो थांबेपर्यंत थांबले.

"आता बरोबर उत्तरावरून कॉपी पकडता येत नाही. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. पकडायची असते चूक. चहा ज्याच्या पेपरात आहे, त्याच्यामागं बसलेल्याच्या पेपरातही चहा येणार. पुढच्याच्या पेपरात मात्र नुसते कप."

"विषाणू पण कॉपी करतो?"

"दुसरं काही करतच नाही तो. ह्याची पंधरा हजार अक्षरं आहेत. आपल्या पेशीत शिरतो आणि स्वतःची नक्कल काढत बसतो. मधूनच एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. यंत्रानं ह्या चुकांना नंबर दिलेत. बघ."

मुक्तानं पट्ट्या पुढेमागे सरकवल्या. पेन्सिलीचं टोक दातांत धरून ती बराच वेळ बघत राहिली.

"लाल पहिला," ती म्हणाली. "त्याच्यात एक आणि दोन. त्या सगळ्यांच्यात आहेत."

"बरोबर."

"मग पिवळा. पिवळी मी. एक, दोन, तीन. तीन नंबर माझ्यात झाली."

"बरोबर."

"तीन निळ्यात गेली. निळी आई. आणि हिरव्यातपण गेली."

हिरव्यावर सर मुद्दामच थांबले नाहीत. "आता ही पट्टी बघ. हा लालचाच नंतरचा नमुना, जुलैमधला. कागदावर एवढीच एक तारीख दिलीय, आणि तुझी."

"लालमध्ये अजून चुका झाल्यात. चार, पाच, सहा, सात." तिनं आपली दुसरी पट्टी त्याशेजारी ठेवली. "आणि ही माझी जुलैची. ह्यात तीन नाहीच."

"नाही. तुझ्यातला तो विषाणू वाफेनं मेला होता. हा नव्यानं आला."

"ह्यात एक, दोन, मग चार, पाच, सहा, सात." ती थांबली. "लालकडूनच परत आला."

"बरोबर," सर म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी जुळवून ठेवलेलं होतं, की लाल माणसालाही ते ठाऊक नसतं, म्हणून त्याच्यावर रागवायचं नाही.

"पण सर, बाबा एप्रिलपासून घरातच नाहीत."

सरांनी जुलैची लाल पट्टी पुन्हा हातात घेतली.

"आई निळी. आजी मेमध्ये गेली. लाल माणूस जुलैत माझ्याजवळ होता." मुक्ता अजून पट्ट्यांकडेच बघत होती. गणित सुटत आलं की तिचा आवाज असाच बारीक व्हायचा. "आणि सर, सर्दी इतके महिने राहते कुणाला? मार्च ते जुलै?"

"निरोगी माणसाला नाही. दहा दिवसांत जाते."

"मग कुणाला राहते?"

उत्तर त्यांनीच तिला शिकवलेलं होतं. पहारेकरी पेंगत ठेवले की.

मुक्तानं मान वर केली. "सर, तुमचा रंग कोणता?"

"माझा कोरा असणार. मला कुठं काय झालंय?"

"बघा की."

त्यांनी फोन काढला. मग निरोप उघडला. वर त्यांचं पूर्ण नाव होतं आणि खाली एकच शब्द. लाल.

त्यांनी तो पुन्हा वाचला. नाव पुन्हा वाचलं. पलंगावरची निळी पट्टी जराशी हलली, आणि ती त्यांच्याच श्वासानं हलली हे त्यांना दिसलं. मुक्ताचा चेहरा दोन हातांच्या अंतरावर होता. दीड वर्ष तो तिथंच होता.

सरांनी तळहात तोंडावर दाबला आणि ते उठले. खुर्ची मागे पडली. रेखा स्वयंपाकघरातून धावत आली, तर सर दाराकडे पाठीमागं सरकत होते.

"सर, काय होतंय? बसा ना. पाणी आणू?"

त्यांनी मान हलवली. बोलायला तोंड उघडावं लागलं असतं.

"सर," मुक्ता पलंगावरून म्हणाली, "बरोबर आहे का ते सांगा ना."

उंबऱ्याच्या बाहेर गेल्यावर, हात न काढता, ते म्हणाले, "बरोबर आहे."

*

जिन्याखाली उभं राहून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"मी तुम्हालाच करणार होते," मुजावर बाई म्हणाल्या. "सर, जानेवारीच्या शेवटी काही झालं होतं?"

सव्वीस जानेवारीला ते शाळेत झेंडावंदनाला गेले होते. मागं, मास्क लावून. पोरांनी चहा आणून दिला तेव्हा मास्क खाली केला होता. नंतर दोन दिवस घसा खवखवला. एवढंच.

"एवढंच पुरतं. ताप यायला पहारेकरी जागे लागतात, तुमचे पेंगलेले. तुमची फुंकणी हलली नाही. तक्रार नसेल तर गोठवलेला नमुना उघडायचा नाही, अशी आमची पद्धत होती. पद्धत चुकली. ती चूक आमची."

"सात महिने मी—"

"सात महिने तुमच्यात त्याची शाळा भरलीय. आणि तो बदलतोय. माझ्याकडचं औषध मुक्तातल्या विषाणूवर चालेल. पण तुमच्यात आज जो आहे तो तिच्यात गेला, तर चालेल याची खात्री नाही. तिच्या जवळ जायचं नाही आता. खिडकीतूनसुद्धा."

"आणि माझ्यातला जाणार कसा?"

"गोळ्या कमी करायच्या. पहारेकऱ्यांना उठवायचं. ते चोराला हाकलतील, पण तुमच्या फुप्फुसांना हात लावणार नाहीत असं मी म्हणू शकत नाही. निम्मी-निम्मी शक्यता. नाहीतर एकटं राहायचं. किती दिवस, ते मला माहीत नाही. विचार करा, उद्या या."

"करा कमी," सर म्हणाले. "तासाभरात येतो. आधी एका ठिकाणी जायचंय."

*

बँडची खोली रेल्वे पुलाच्या अलीकडे होती. सर्जेराव दारात स्टुलावर बसून ढोलाची दोरी आवळत होते. सर रस्त्याच्या पलीकडच्या कडेला थांबले. तोंडावर दोन मास्क होते.

"आत या की सर. तिकडं का?"

"तिथंच बसा सर्जेराव. जवळ येऊ नका माझ्या."

सर्जेराव अर्धवट उठले होते, ते तसेच राहिले. "पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे. लाल मी आहे."

"काय?"

"तिला दोन्ही वेळा माझ्याकडून झालं. मार्चमध्येही आणि जुलैतही. तुमच्याकडून नाही. कधीच नाही."

मधून एक रिक्षा गेली. सर्जेरावांनी दोरी सोडली नव्हती.

"न्हाई सर," ते हळूच म्हणाले, जणू सरच काही चुकीचं समजून बसले आहेत. "तुमाला काय चुकून कळवलं असंल. तुम्ही किती जपताय."

"चुकून नाही."

"मी चार महिनं आठवतोय, सर. झोपताना रोज. कुठल्या लग्नातनं आणलं मी. कवठ्याच्या वरातीत एक म्हातारा खोकत हुता, त्यो आसंल का. का तासगावची हळद. सगळी लग्नं मोजून काढली." ते खाली बसले. "ट्रंपेट दिला भावाला. तोंडाला लावला की वाटायचं, ह्यातनंच गेलं तिच्यात."

माफी मागायची म्हणून सर आले होते. पण शब्द ह्या माणसापुढे ठेवण्याएवढा मोठा वाटेना.

"मी सांगितलं तुम्हाला बाहेर राहायला," ते म्हणाले. "मी. आणि मी आत बसलो."

"व्हय," सर्जेराव म्हणाले. त्यांनी सरांकडे पाहिलं नाही. मग त्यांनी खिशातून फोन काढला. "मला सकाळी दोन निरोप आले. मी आपलं खोटं समजून ठेवलं. एकावर माझं नाव, कोरा. दुसऱ्यावर आईचं नाव. ती न्हाई म्हणून मला पाठवलं असंल. हिरवा. हिरवा म्हंजे काय सर?"

सरांनी मास्क नाकावर घट्ट दाबला.

"सांगा. तुमच्याकडनं आईला?"

"तीन नंबरची खूण हिरव्यात आहे," सर म्हणाले. "ती फक्त मुक्ताच्या विषाणूत झालेली. माझ्याकडून मुक्ताला. मुक्ताकडून त्यांना."

सर्जेराव उठले, खोलीत गेले, आणि परत येऊन पुन्हा तिथंच बसले. त्यांचा चेहरा जागच्या जागी म्हातारा झाला होता. "तिला ठावं हाय?"

"अजून नाही. पण पट्ट्या तिच्याजवळ आहेत."

तेवढ्यात फोन सर्जेरावांच्याच हातात वाजला. पडद्यावर मुक्ता होती. मांडीवर पट्ट्या होत्या. ती रडत नव्हती, पण तिचं नाक लाल झालं होतं.

"बाबा, लाल तुम्ही नाही. मी काढलं. कळलं का?"

"कळलं. सर हायत हितं. सांगितलं त्यांनी."

"सर आहेत?" तिनं हिरवी पट्टी उचलली. "बाबा, हिरवा कोण? पाच जणं आणि चार रंग. एक कोरा राहतो. तुम्ही, नाहीतर आजी. तीन नंबर हिरव्यात आहे. म्हणजे हिरव्याला माझ्याकडून झालं."

रस्त्याच्या पलीकडून सरांना तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. त्यांनी तिला शिकवलेली पद्धत होती ती. एक एक शक्यता काढून टाकायची आणि जे उरतं त्याला घाबरायचं नाही.

"हिरवा मी," सर्जेराव म्हणाले.

"तुम्ही?"

"मी. मार्चात नाक गळत हुतं की माझं. तुझ्याकडनंच झालं आसंल. दोन दिवसांत बरा."

"मग आजी कोरी?"

"कोरी. आजीचं वय झालं हुतं, बाळा."

मुक्ता पट्ट्यांकडे बघत राहिली. सरांना तिचं डोकं चालताना जणू दिसत होतं. "सर," तिनं विचारलं, "जमतं का असं? बाबा दहा एप्रिलला गेले. त्याच्या आधी मी त्यांना दिलं. मग हिरव्यात तीन येणार. जमतं ना?"

सर्जेराव आता सरांकडे बघत होते, आल्यापासून पहिल्यांदाच.

चौतीस वर्षांत सरांनी एकाही चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण केली नव्हती. अर्ध्या गुणासाठी रडणाऱ्या पोरांनाही त्यांनी तो दिला नव्हता.

"जमतं," त्यांनी मास्कमधून मोठ्यानं सांगितलं, तिला नीट ऐकू जावं म्हणून. "उत्तर बरोबर आहे."

तिनं मोठा श्वास सोडला. मधेच खोकला आला, तो तिनं गिळला.

"मग बाबा, तुम्ही घरी या आता. पण तपासून या. तुम्हाला झाला होता ना, मग अजून उरला असेल तर? परत नमुना द्या, कोरा आला की मग या. दोन दिवस लागतात."

सर्जेरावांच्या दुसऱ्या हातात ढोलाची दोरी होती. ती त्यांनी बोटांभोवती एकदा गुंडाळली.

"व्हय," ते म्हणाले. "तपासून येतो."